ओळखीच्या पदार्थातून नवा पदार्थ : रोजच्या स्वयंपाकासाठी मार्गदर्शक

‘आज काय करायचं?’ हा प्रश्न पडला की बहुतेक जण नव्या पाककृती शोधायला बसतात. पाककृती ढिगाने मिळतात. पण एकीला घरात नसलेला जिन्नस लागतो, दुसरीला दोन तास, तिसरीला ओव्हन, आणि शेवटी कढईत नेहमीचंच काहीतरी शिजतं. नवशिक्याने उलट बाजूने सुरुवात करावी. जो पदार्थ हमखास जमतो तो घ्यायचा आणि त्यात एकच गोष्ट बदलायची: चिरण्याची पद्धत, आच, आंबटपणा, तेल-तूप किंवा वरून घालायचं काही कुरकुरीत. बाकी सगळं नेहमीसारखं ठेवलं तर फरक कशामुळे पडला हे लगेच कळतं. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि पदार्थ छान झाला तरी हाती काही लागत नाही, कारण श्रेय कशाला द्यायचं तेच समजत नाही.

पायरी १ : चार पदार्थ मोजून पक्के करा

एक कोरडी भाजी, एक डाळीचा किंवा कडधान्याचा रस्सा, एक भाताचा प्रकार आणि एक झटपट पदार्थ (अंड्याचा किंवा तुम्ही जे खात असाल त्याचा) एवढं पुरे. हे चार पदार्थ सलग तीन-चार वेळा मोजून करा. अंदाजाने करायला हरकत नाही, पण अंदाज बसण्याआधी माप लागतंच.

सगळ्यांत उपयोगी माप मिठाचं. तयार पदार्थाच्या वजनाच्या साधारण १ टक्का मीठ बहुतेकांना बरोबर वाटतं. म्हणजे ५०० ग्रॅम भाजीला ५ ग्रॅम. बारीक मिठाचा ५ मिलिलिटरचा सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, तेव्हा अर्ध्या किलो भाजीला चमचा जरासा उणा घ्यायचा. जाड मिठाच्या दाण्यांत हवा राहते, त्यामुळे त्याच चमच्यात वजन कमी भरतं. मिठाचा प्रकार बदलला की पदार्थ अळणी किंवा खारट होतो तो यामुळेच. स्वयंपाकघरासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या, नवं भांडं नंतर.

पायरी २ : एक भाजी, पाच तऱ्हा

नव्याची गोडी लागायला यासारखा सराव नाही. कोबी घ्या. तो सगळीकडे मिळतो, टिकतो आणि आच बदलली की त्याची चव ओळखू येणार नाही इतकी बदलते.

*कच्चा.* ३०० ग्रॅम कोबी जमेल तितका बारीक चिरा, अर्धा चमचा मीठ लावून मिनिटभर हाताने चुरा आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. मीठ पानांतलं पाणी बाहेर ओढतं. ते पिळून टाका आणि मगच एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि तेवढंच तेल घाला. न थांबता रस घातला तर पाणी नंतर ताटात सुटतं आणि चव पचपचीत होते. मीठ आधीच गेलेलं आहे, म्हणून चाखल्याशिवाय पुन्हा घालू नका.

*मोठ्या आचेवर.* रुंद कढई चांगली तापवा, एक मोठा चमचा तेल घाला आणि एका वेळी २०० ते २५० ग्रॅमच कोबी टाका. तीन-चार मिनिटं परता आणि मीठ अगदी शेवटी घाला. कडा तपकिरी झाल्या पाहिजेत, पण देठाला करकरीतपणा राहिला पाहिजे. कढई भरून कोबी टाकला तर हे होत नाही. अन्न तपकिरी आणि खमंग होण्याची रासायनिक क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते, आणि तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. गर्दी केली की पाणी सुटतं आणि भाजी परतली न जाता उकडते. चार जणांसाठी करायचं असेल तर दोन खेपा करा. पाच मिनिटं जास्त लागतील, पण पदार्थ वेगळाच होईल.

*मंद आचेवर.* ५०० ग्रॅम जाडसर चिरलेला कोबी, दोन मोठे चमचे तेल किंवा लोणी आणि मीठ जाड बुडाच्या भांड्यात घालून झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी ढवळत ३५ ते ४५ मिनिटं शिजवा, शेवटची दहा मिनिटं झाकण काढा. कोबी गोड आणि लोण्यासारखा मऊ होतो. तळ लागायला लागला तर दोन चमचे पाणी शिंपडून खरवडा. तिथे चिकटलेला तपकिरी थर म्हणजे चव आहे, तो काळा होईपर्यंत वाट पाहू नका.

*भाजलेला.* मधला दांडा न काढता अडीच ते तीन सेंटिमीटर जाडीच्या फोडी करा, नाहीतर पानं सुटी होतात. दोन्ही बाजूंना तेल-मीठ लावून २०० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये ३० ते ४० मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये तापमान २० अंशांनी कमी ठेवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मध्यम आचेवर पहिली बाजू सहा ते आठ मिनिटं अजिबात न हलवता भाजा, उलटा, दोन मोठे चमचे पाणी सोडून पाच मिनिटं झाकण ठेवा. सारखं हलवणं ही इथली नेहमीची चूक. फोड तव्याला टेकून राहिली नाही तर रंग येत नाही.

*रश्श्यात.* मूठ-दोन मूठ कोबी तेलात पाच मिनिटं परतून एक लिटर पाणी घाला आणि १५ ते २० मिनिटं उकळा. आधी परतायचा कंटाळा केला तर रस्सा कोमट पाण्यासारखा लागतो, कारण उकळत्या पाण्यात खमंगपणा तयारच होत नाही.

गाजर, फ्लॉवर आणि मुळा यांना याच पाच तऱ्हा लागू पडतात, फक्त वेळ बदलते. काही अपवाद मात्र पाळायचेच. बटाटा कच्चा खायचा नाही. राजम्यासारखं कडधान्य किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळलं पाहिजे आणि मग मऊ होईपर्यंत शिजवलं पाहिजे. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं आणि नुसत्या मंद आचेवर ते नष्ट होत नाही.

पायरी ३ : चव कुठे अडली ते शोधा

पदार्थ शिजला, पण ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटतं. अशा वेळी हाताला लागेल तो मसाला भांड्यात टाकू नका. तीन वाट्या घ्या आणि प्रत्येकीत दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, रस्सा काढा. एकीत लिंबाचे तीन थेंब, दुसरीत मिठाचे थोडे कण, तिसरीत पाव चमचा तेल, तूप किंवा लोणी घाला. चाखा. जी वाटी आवडली तिचं उत्तर पूर्ण भांड्याला लावा. लिंबाचे तीन थेंब ३० मिलिलिटरला पुरले असतील तर एक लिटरला साधारण एक छोटा चमचा रस लागेल. आधी त्याच्या निम्मा घाला, चाखा, मग उरलेला. नवशिक्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा उणीव मिठाची किंवा आंबटाची निघते, मसाल्याची नाही.

आंबट घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. डाळी, कडधान्यं आणि बटाटे आंबटात लवकर मऊ होत नाहीत, कारण त्यांच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात टिकून राहतं. म्हणून टोमॅटो, चिंच किंवा लिंबू डाळ पूर्ण शिजल्यावरच. हिरव्या भाज्यांचा रंग आम्लाने मळकट होतो, तिथेही लिंबू वाढताना पिळा. ताज्या लिंबाचा सुगंध उकळीत उडून जातो हे आणखी एक कारण. डाळ, कडधान्य किंवा बटाटा नसलेल्या पदार्थात टोमॅटो मात्र आधी घालून तेल सुटेपर्यंत परतायचा असतो. दही गरम रश्श्यात घातलं की फाटतं. ते टाळायला दही फ्रिजबाहेर काढून ठेवा, एका वाटीला एक छोटा चमचा कोणतंही पीठ घालून घोटा, आच मंद करून थोडं थोडं मिसळा आणि नंतर खळखळू देऊ नका.

मसाल्यांचे बरेचसे सुगंध तेलात विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत. म्हणून फोडणीत अख्खे मसाले अर्धा ते एक मिनिट, तर कुटलेले मसाले मंद आचेवर जेमतेम २० ते ३० सेकंद पुरतात. बारीक चिरलेला लसूणही मिनिटाच्या आत करपू शकतो, तेव्हा पुढचा जिन्नस हाताशी असेल तरच तो तेलात टाका. करपलाच तर तेलासकट काढून टाका आणि पुन्हा सुरू करा. कडवटपणा नंतर कशानेही जात नाही आणि पूर्ण भांडं वाया जातं.

मीठ, आंबट सगळं बरोबर असूनही पदार्थ पोकळ लागत असेल तर उमामी, म्हणजे जिभेवर रेंगाळणारी भरीव चव, कमी असते. ही चव १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या अर्कातून वेगळी काढली. टोमॅटो, मश्रूम, मुरवलेलं चीज आणि सोया सॉस यांत ती भरपूर असते. एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट तेलात दोन मिनिटं, रंग गडद होईपर्यंत परता आणि मग पाणी घाला. किंवा १० ग्रॅम सुकवलेले मश्रूम २०० मिलिलिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी गाळून रश्श्यात वापरा. गाळायलाच हवं, तळाशी बारीक वाळू असते.

खारट झालं तर? बटाटा टाकला की मीठ शोषलं जातं हे खरं नाही. बटाटा खारं पाणी शोषतो, पण उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. उपाय एकच: पाणी, न खारवलेली डाळ, भाजी किंवा भात घालून प्रमाण वाढवणं. थोडं आंबट किंवा गोड घातल्याने खारटपणा जरा झाकला जातो इतकंच.

पायरी ४ : नवी पाककृती करण्याआधी दोनदा वाचा

पहिल्या वाचनात लपलेली वेळ शोधा. ‘भिजवलेले’, ‘मऊ केलेलं लोणी’, ‘शिजवून गार केलेला’ हे शब्द जिन्नसांच्या यादीत असतात आणि वर दिलेल्या अर्ध्या तासात ते धरलेले नसतात. कांद्याबाबत तर विशेष सावध राहा. ‘पाच मिनिटांत गडद तपकिरी’ असं लिहिलेलं सर्रास आढळतं. पाच मिनिटांत कांदा पारदर्शक होतो, कडा सोनेरी व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि मंद आचेवर सगळा कांदा गडद, गोड व्हायला ३५ ते ४५ मिनिटं. मोठी आच लावून घाई केली तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो.

दुसऱ्या वाचनात मापं तपासा. कप कुठे २४० मिलिलिटरचा असतो, कुठे २५०. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. गव्हाच्या पिठाचा एक कप हलक्या हाताने भरला तर सुमारे १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो. केक कोरडा होण्यामागे अनेकदा एवढंच असतं. मिठाचा १ टक्क्याचा हिशेब इथेही लावून बघा. एक किलोच्या पदार्थाला तीन छोटे चमचे मीठ सांगितलं असेल तर निम्म्याने सुरुवात करा.

पाककृती भरवशाची आहे की नाही, हे ती खुणा सांगते का यावरून ओळखा. ‘आठ मिनिटं परता’ यापेक्षा ‘कडा सोनेरी होईपर्यंत, सुमारे आठ मिनिटं’ हे कितीतरी चांगलं, कारण तुमची शेगडी आणि कढई लिहिणाऱ्यापेक्षा वेगळी आहे. वेळ आणि खूण जुळली नाही तर खुणेवर विश्वास ठेवा.

प्रमाण दुप्पट करताना सगळंच दुप्पट करू नका. तांदूळ स्वतः जेवढं पाणी शोषतात ते दुप्पट लागतं, पण वाफेने उडणारं पाणी भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असतं. म्हणून एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल तर त्याच भांड्यात दोन वाट्यांना साडेतीन वाट्यांच्या आसपास पुरतं. तिखट दीडपट करून चाखा. केक, ब्रेड यांसारख्या भाजायच्या पदार्थांत पहिल्या वेळी काहीच बदलू नका, तिथे प्रमाणावरच रचना उभी असते.

पायरी ५ : जिन्नस नसेल तर त्याचं काम काय ते विचारा

नावाला नाव शोधून बदली करू नये. तो जिन्नस पदार्थात काय करतो, हे पाहावं. आंबटपणा आणत असेल तर लिंबू, व्हिनेगर, चिंच यांतलं काहीही चालेल, फक्त कमी घालून चाखत वाढवा. रस्सा दाट करत असेल तर एक मोठा चमचा मैदा किंवा अर्धा मोठा चमचा कॉर्नफ्लोअर जवळपास सारखं काम करतात. दोन्ही थंड पाण्यात कालवूनच घाला, नाहीतर गुठळ्या होतात. ताज्या सुगंधी पानांऐवजी सुकी वापरताना एक तृतीयांश घ्या आणि लवकर घाला. ताजी शेवटी.

लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतांश पाणी, म्हणून परतण्यासाठी १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल पुरतं. पण जिथे लोणी-साखर फेटून हवा भरायची असते तिथे तेल चालत नाही. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची अदलाबदल तर विचारपूर्वकच करा. सोडा सुमारे तिप्पट जोरदार असतो आणि त्याला सोबत आंबट लागतं. आंबट नसेल तर पदार्थ फुगत नाही आणि साबणासारखा लागतो.

पायरी ६ : आठवड्यात बसवा

नवा पदार्थ आठवड्यातून एकदा, घाई नसलेल्या दिवशी. सोबतीला एक पक्का पदार्थ ठेवा, म्हणजे नवा फसला तरी कुणी उपाशी राहत नाही. बाकीच्या दिवशी पायरी दोनमधले छोटे बदल पुरतात.

अनोळखी जिन्नस एका वेळी एकच आणि थोडा आणा. तो ओळखीच्या कोणत्या दोन पदार्थांत जाईल हे बाजारातच ठरवा. ठरत नसेल तर घेऊ नका, कपाटात अर्धवट पुड्या साचतात त्या अशाच. पहिल्यांदा तो नुसता मीठ-तेलावर शिजवून चाखा.

खरेदीच्या आदल्या दिवशी फ्रिज आणि कपाट उघडून संपवायच्या वस्तू लिहा. यातून सुचतं ते पुष्कळदा सगळ्यांत चांगलं असतं, कारण निवड मोजकी असते. उरलेल्या अन्नाचे नियम मात्र कडक आहेत. भात आणि शिजवलेले पदार्थ दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून गार करा आणि ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवा. भात एका दिवसात संपवा, बाकीचं तीन दिवसांत. बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे जिवाणू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम केल्याने जात नाही. गार भात मोठ्या आचेवर परतायला ताज्यापेक्षा उत्तम, कारण तो कोरडा आणि सुटा असतो. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी नुसती गरम करण्यापेक्षा तिचं रूप बदला: रश्श्यात घाला, अंड्यात मिसळा, कुस्करून भाजा. वर एक मोठा चमचा भाजलेल्या बिया किंवा दाणे टाका, पण ताटात वाढल्यावर. आधी टाकले तर ते ओल धरतात आणि कुरकुरीतपणा जातो.

पायरी ७ : दोन ओळी लिहून ठेवा

जेवण झाल्यावर लगेच लिहा, सकाळपर्यंत तपशील राहत नाही. पूर्ण कृती लिहायची गरज नाही. काय बदललं, काय झालं आणि पुढच्या वेळी काय, एवढंच: ‘कोबीच्या फोडी, ३ सेंटिमीटर, २२० अंश, ३५ मिनिटं. कडा काळ्या, मधला दांडा कडक. पुढच्या वेळी २०० अंश.’ ‘छान झालं’ किंवा ‘जमलं नाही’ अशी नोंद कुचकामी असते, कारण तिच्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही.

फसलेला पदार्थ आठवडाभरात पुन्हा करा, तेव्हाही एकच बदल करून. आच कमी केली असेल तर फोडींची जाडी तीच ठेवा. दोन वेळा करूनही घरच्यांना आवडला नाही तर पानावर काट मारा आणि त्यातला जमलेला भाग, एखादी चटणी किंवा भाजण्याची पद्धत, तेवढी वेगळ्या पानावर उतरवून घ्या.